गृहीत धरलेलें मत

घरांतील जुन्या, विश्वासू माणसाची विचारपूस सर्वांत कमी होते, हा अनुभव एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या कोणासही नवा नाहीं. पाहुण्यास आग्रहानें दुसऱ्यांदा वाढतात. घरच्यास कोणी विचारीत नाहीं, कारण तो उठून जाणार कोठें? राजकारणांत जी जागा ‘हमखास’ समजली जाते, तेथील मतदाराची स्थिति नेमकी अशीच असते. एक पक्ष तो आपलाच म्हणून त्यास विचारीत नाहीं. दुसरा पक्ष तो परका म्हणून विचारीत नाहीं. आणि पुढें पुढें तो स्वतःही स्वतःस विचारीनासा होतो. अशा जागीं पोटनिवडणूक आली म्हणजे या तिन्ही अनास्थांची परीक्षा एकदम होते. तिचें पुण्यांतील एक उदाहरण आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. आम्ही कोणत्याही पक्षाची वकिली करावयास बसलों नाहीं. कोणीं कोणास मत द्यावें हें सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे.

शनिवारवाडा, कसबा गणपति आणि सभोंवतालच्या पेठा मिळून विधानसभेचा कसबा पेठ मतदारसंघ होतो. येथून १९९५ पासून २०१४ पर्यंत लागोपाठ ५ निवडणुकांत भारतीय जनता पक्षातर्फे गिरीश बापट निवडून आले. २०१९ सालीं ते लोकसभेवर गेले, व त्याच वर्षीं विधानसभेस मुक्ता टिळक २८ हजारांहून अधिक मताधिक्यानें विजयी झाल्या. २२ डिसेंबर २०२२ रोजीं त्यांचें निधन झालें. २६ फेब्रुवारी २०२३ रोजीं पोटनिवडणूक झाली, आणि २ मार्च रोजीं निकाल लागला तेव्हां काँग्रेसचे रवींद्र धंगेकर हे भाजपचे हेमंत रासने यांच्यावर सुमारें ११ हजार मतांनीं विजयी झाले. २८ वर्षें जी जागा हातीं होती ती ७० दिवसांत गेली.

‘बालेकिल्ला पडला’ असें तेव्हां सर्वत्र छापून आलें. परंतु किल्ला खरोखरच तितका अभेद्य होता काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. अण्णा जोशी १९९१ सालीं लोकसभेवर गेल्यामुळें येथें जी पोटनिवडणूक झाली, तींत बापटांचाच पराभव होऊन काँग्रेसचे वसंत थोरात निवडून आले होते. २००९ सालीं याच धंगेकरांनीं महाराष्ट्र नवनिर्माण सेनेतर्फे बापटांना अशी झुंज दिली कीं, बापटांचें मताधिक्य ८ हजारांच्या आसपास उतरलें. आणि काँग्रेसच्या उमेदवारासही त्या वेळीं धंगेकरांच्या जवळपास मतें पडलीं होतीं. म्हणजे तटाची निम्मी मजबुती आंतल्या दगडांची नव्हे, तर बाहेरच्यांच्या आपसांतील भांडणाची होती. २०२३ सालीं विरोधी तीन पक्ष एक झाले आणि तेवढा आधार गेला. त्याच दिवशीं शेजारच्या चिंचवड मतदारसंघांतही पोटनिवडणूक होती. तेथें विरोधकांच्या मतांत एका अपक्षामुळें मोठी फूट पडली, आणि दिवंगत आमदार लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांनीं ती जागा पक्षाकडे राखली. एकाच दिवशीं, एकाच जिल्ह्यांत, दोन ‘हमखास’ जागांचे दोन निरनिराळे निकाल लागले. यावरून ‘हमखास’ हा शब्द किती जपून वापरावा हें ध्यानांत येईल.

आतां निष्ठेकडे वळूं. कसब्यांत उमेदवारी टिळक घराण्याबाहेर गेली, म्हणून ब्राह्मण समाजांत नाराजी पसरली, आणि तिची चर्चा चौकाचौकांत झाली. ही नाराजी योग्य होती कीं अयोग्य, हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवतों. कोणतीही जागा कोणत्याही घराण्याची वा जातीची मिरास नव्हे, असें म्हणणारेही आपल्यांत पुष्कळ आहेत, व त्यांचें म्हणणें आम्हांस वजनदार वाटतें. पण नाराजी झाली हें खरें. ती व्यक्त करण्यासाठीं म्हणून हिंदू महासंघाचे आनंद दवे स्वतः उमेदवार होते. त्यांना मतें किती पडलीं? अवघीं कांहीं शें! मग कट्ट्यांवर आणि दिवाणखान्यांत ऐकूं येणारा तो संताप मतपेटीपाशीं आला तेव्हां गेला कोठें? कांहींचा जुन्या खुणेवरच गेला, कांहींचा थेट विरुद्ध पक्षाकडे गेला, आणि उरलेला घरींच बसला. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांनीं पक्षाला नेहमींची आघाडी दिली नाहीं, अशी चर्चा निकालानंतर कित्येक दिवस चालू होती.

घरीं बसण्याविषयीं थोडें अधिक लिहिणें प्राप्त आहे. मतदारसंघांत नांवें सुमारें पावणेतीन लाख, आणि मतदानास आले निम्मे. विजयी उमेदवारास ७३ हजारांच्या आसपास मतें मिळालीं. न आलेल्यांची संख्या सव्वा लाखाहून अधिक भरते. म्हणजे जिंकणाऱ्याहून मोठा असा एक तिसरा पक्ष त्या दिवशीं मतदारसंघांत होता, आणि तो मतकेंद्राकडे फिरकलाच नाहीं!

‘निष्ठा’ शब्दांत स्था धातु आहे, म्हणजे उभें राहणें. ‘उदासीन’ शब्दांत आस् धातु आहे, म्हणजे बसणें. जो बाजूस बसला तो उदासीन. आपण मात्र या दोन शब्दांची गल्लत करून, बाजूस बसणें हीच एक रुसलेली निष्ठा आहे असें मानूं लागलों आहों. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत उदासीन हा अशा राजास म्हटलें आहे कीं, जो भांडणाऱ्या सर्वांहून बलवान आणि कोणासही साह्य करण्यास समर्थ असतो. त्याचें अलिप्त राहणें सामर्थ्यांतून आलेलें असतें, व सर्वांस त्याची दखल घ्यावी लागते. आपल्या सव्वा लाख उदासीनांची दखल किती जणांनीं घेतली? न आलेल्या मताचा अर्थ ज्यानें त्यानें आपल्या सोयीचा लावला. ‘आमच्यावर रागावून आले नाहींत,’ असें एक म्हणाला. ‘आमच्यावर विश्वास म्हणून आले नाहींत,’ असें दुसराही म्हणूं शकतो. ज्यास कोणताच उमेदवार पसंत नसेल त्याच्यासाठीं २०१३ पासून यंत्रावर ‘वरीलपैकीं कोणीही नाहीं’ हें बटण आहे. तें दाबलें तर नापसंति मोजली तरी जाते. घरीं बसलेल्याची तितकीही मोजणी होत नाहीं.

यावर जीं उत्तरें नेहमीं ऐकूं येतात तींही पाहूं. ‘पोटनिवडणुकीनें सरकार थोडेंच बदलतें?’ हें पहिलें उत्तर. ‘दीड वर्षांनीं पुन्हां निवडणूक आहेच,’ हें दुसरें. ‘आपला माणूस येणारच आहे, एका मतानें काय होतें?’ हें तिसरें, आणि हमखास जागीं हेंच सर्वांत घातक. हा रोग केवळ आपला नाहीं. इंग्लंडांत मँचेस्टर सेंट्रल ही मजूर पक्षाची हमखास जागा. तेथें नोव्हेंबर २०१२ च्या पोटनिवडणुकीस शेंकडा १८ च्या आसपासच मतदार आले. जागा त्याच पक्षाकडे राहिली. पण शंभरांतील ब्याऐशीं माणसांनीं ज्याविषयीं कांहींच सांगितलें नाहीं, त्या विजयाचा अर्थ तरी काय लावावा? आमच्या पेठांत एक अडचण मात्र खरी आहे. वाडे पडले, कुटुंबें कोथरूड-बावधनाकडे गेलीं, मुलें परगांवीं आणि परदेशीं गेलीं, परंतु नांवें जुन्या पत्त्यावरच राहिलीं. न आलेल्यांत असे किती तरी असतील, आणि त्यांस केवळ आळशी म्हणणें अन्यायाचें होईल.

या निवडणुकीच्या मागेंपुढें घडलेल्या दोन गोष्टी मात्र विसरण्याजोग्या नाहींत. जून २०२२ मध्यें राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुकांसाठीं मुक्ता टिळक गंभीर आजारी असतां रुग्णवाहिकेनें मुंबईस गेल्या आणि त्यांनीं आपलें मत दिलें. पुढें फेब्रुवारी २०२३ मध्यें गिरीश बापट नाकाशीं प्राणवायूची नळी लावून, चाकांच्या खुर्चीवरून केसरी वाड्यांत कार्यकर्त्यांसमोर आले. इतक्या आजारी माणसास तेथें आणणें योग्य होतें काय, यावर तेव्हां वाद झाला, आणि तो वाद रास्त होता. २९ मार्च रोजीं त्यांचेंही निधन झालें. पक्ष कोणताही असो, आपलें काम शेवटपर्यंत करावें असें या दोघांस वाटलें. त्यांच्याच मतदारसंघांतील निरोगी माणसास २६ फेब्रुवारीस, तेही रविवारीं, दोन गल्ल्या ओलांडून जाणें झालें नाहीं!

पुढचा इतिहासही बोधप्रद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें त्याच रासन्यांनीं त्याच धंगेकरांचा १९ हजारांहून अधिक मतांनीं पराभव केला. आणि मार्च २०२५ मध्यें धंगेकर काँग्रेस सोडून एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेंत गेले. मतदारानें एकदां खूण बदलली आणि पुन्हां जुनी धरली. उमेदवारानेंही पक्ष बदलला. तेव्हां निष्ठा कशावर ठेवावी, खुणेवर कीं माणसावर, हा प्रश्न सुटत नाहीं. व्याकरण शिकलेल्यांस अनुवृत्ति ठाऊक असेल. पाणिनीच्या एका सूत्रांतील पद पुढील सूत्रांत न उच्चारतां आपोआप चालू राहतें, पण तें कोठवर चालवावयाचें आणि कोठें थांबवावयाचें हें प्रत्येक सूत्रापाशीं पाहावें लागतें. न पाहतां पुढें ओढीत गेल्यास अर्थाचा अनर्थ होतो. मताचेंही तसेंच आहे. मागील वेळचें मत या वेळीं चालूं ठेवण्यांत कांहींच गैर नाहीं. परंतु पाहून चालूं ठेवावें.

प्रतिनिधि नसणें म्हणजे काय, हेंही पुणेकरांनीं अनुभवलें आहे. रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी असा कायदा आहे, व त्यास कांहीं अपवादही आहेत. बापटांच्या निधनानें रिकामी झालेली पुण्याची लोकसभेची जागा २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत, म्हणजे वर्षाहून अधिक काळ, तशीच राहिली. डिसेंबर २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला, पण जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिति दिली. लोकांना प्रतिनिधीवांचून ठेवल्याबद्दल तेव्हां आपण सर्वांनीं खेद केला. मग जेव्हां प्रतिनिधि निवडण्याची संधि समोर येते, तेव्हां निम्म्यांनीं ती सोडून द्यावी, याचाही थोडा खेद व्हावयास नको काय?

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंति. मतें मागावयास आलेल्यांस ‘आमच्याकडे नऊ मतें आहेत, तीं तुमचींच’ असें सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. हें सांगतांना सुनेस, धाकट्या भावास, नातवास आपण विचारलेलें असतें काय? पक्षानें आपल्याला गृहीत धरलें तर आपणांस राग येतो. मग आपण घरच्यांस गृहीत धरावें हें कसें? जेवणाच्या पंगतीस उमेदवारांविषयीं मोकळें बोलणें व्हावें, आणि मत ज्याचें त्यानें गुप्तपणें द्यावें. दुसरें म्हणजे, एखाद्या रिकाम्या दुपारीं घरांतील एखाद्या मुलानें अगर सुनेनें सर्वांचीं नांवें यादींत कोठें आहेत तें पाहावें. पत्ता बदलला असल्यास नमुना क्रमांक ८ भरून नांव नव्या जागीं न्यावें. पंचाऐशीं वर्षांवरील आजी-आजोबांस घरबसल्या मत देतां येतें. त्यासाठीं नमुना १२-ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पांच दिवसांच्या आंत द्यावा लागतो. पोटनिवडणूक सांगून येत नाहीं. ती लागल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां हीं कामें आधींच उरकून ठेवलेलीं बरीं.