न हलणारी मिरगी

आमच्या वरठीला पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास गोंधळतो. स्टेशनावर पाटी 'भंडारा रोड'ची आणि उतरतो तो वरठीत! काही आजारांचंही तसंच असतं. पाटी एक, दुखणं दुसरंच.

मिरगी म्हटली की हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस आठवतो. मग कांदा आणा, चप्पल हुंगवा... (दोन्हींचा काडीचाही उपयोग नाही, बरं का!) पण काही झटक्यांत अंग फारसं हलतच नाही. माणूस शून्यात बघतो, असंबद्ध बोलतो, ओठ चाटतो, बटणं चाळवतो. हाकेला ओ देत नाही. असं दहा मिनिटांपुढे गेलं तर झटका आपणहून थांबेल याचा भरवसा नाही. तासभर चाललं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आमच्या नात्यातल्या एका मावशी अशाच दोन दिवस भ्रमिष्टासारख्या वागत होत्या. कुणी म्हणालं म्हातारचळ, कुणी उतारा टाकला. मिरगीच्या गोळ्या आठवड्यापासून संपल्या होत्या, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. नागपूरला ईईजी काढला तेव्हा कळलं, झटका चालूच होता. शिरेतून लोराझेपाम दिलं, मागोमाग लेव्हेटिरासिटाम. संध्याकाळी मावशींनी चहा मागितला.

सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. साखर कमी होणं, पक्षाघात, मेंदूतला जंतुसंसर्ग यांतही माणूस असाच दिसतो. साखर सुईच्या टोचणीत कळते. हा झटका मात्र ईईजीशिवाय पक्का कळत नाही. २००० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्याचं कुठलंही बाह्य लक्षण नसलेल्या २३६ बेशुद्ध रुग्णांचा ईईजी काढला, तर त्यांतल्या ८ टक्क्यांचा झटका आतल्या आत चालू होता!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जिल्ह्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात रात्रीबेरात्रीही ईईजी निघायला हवा. आलेख काढायला शिकलेला तंत्रज्ञ पुरतो. वाचणारा डॉक्टर नागपुरात बसून नेटवरून वाचू शकतो. यात अशक्य काय आहे?

तोवर आपल्या हातात एवढंच. माणूस अचानक 'वेगळा' वागू लागला तर घड्याळ बघा, १०८ ला फोन करा, चालू असलेल्या आणि चुकलेल्या गोळ्या सांगा. आणि न लाजता विचारा, "डॉक्टर, ईईजी काढायचा का?"