पेटीला पट्टा

आमच्याकडे नवा मायक्रोवेव्ह आला आहे. जुना मितभाषी होता. वेळ संपली की एकदा ठण् करायचा आणि विषय संपवायचा. नवा मात्र दार उघडेपर्यंत दर मिनिटाला टीं टीं करत बसतो. माझ्या दुपारच्या झोपेबद्दल या सदरात पूर्वी सविस्तर लिहून झालं आहे (त्यावर आलेली खवचट पत्रं जपून ठेवली आहेत). त्यामुळे कुणी दीड वाजता भात गरम करायला ठेवून वर फोन घेऊन बाल्कनीत गेलं की माझं काय होतं, ते जुन्या वाचकांना सांगायला नको.

तसं पाहिलं तर घरात बोलायचं कोण राहिलंय? फ्रिजचं दार क्षणभर जास्त उघडं राहिलं की तो बोलतो. इंडक्शन शेगडीवरचं भांडं उचललं की ती किंचाळते. कपडे धुऊन झाले की वॉशिंग मशीन अख्खी धून वाजवतं. इन्व्हर्टर तर वीज गेल्याचं ओरडून सांगतो. अरे, पण ती गेली म्हणूनच तू चालू झालास ना? त्या मानाने कुकर बरा. त्याच्या शिट्ट्या निदान मोजता येतात, आणि तिसरीला आमटी शिजलेली असते.

मायक्रोवेव्हच्या माहितीपुस्तिकेत आवाज बंद करायचं बटण सापडलं नाही. तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनीअर काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन लगेच वर आले, पण त्यांना हात लावू दिला नाही. मायक्रोवेव्हची पिन काढली तरी आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विजेचा साठा राहू शकतो. वॉरंटीचा विचार सोडून दिला आणि धूड रिक्षात घालून तपकीर गल्लीत नेलं. जे पुण्यात कुठेच दुरुस्त होत नाही, ते तिथे होतं.

दुकान पलंगाएवढं. कारागिराने आधी तो कॅपॅसिटर रिकामा केला आणि मग पुढची पट्टी उलटी करून दाखवली. एवढा गाजावाजा करणारा प्राणी म्हणजे रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान काळी डबी, मधोमध एक भोक. आपला कान ज्या पट्टीला सगळ्यात तिखट असतो, नेमक्या त्याच पट्टीत ही डबी वाजते. म्हणून तर ती तीन खोल्या ओलांडून येते.

"काढून टाकू की आवाज बसवू?"

"बसवू म्हणजे?"

"भोकावर टेप. उद्या विकायचा झाला तर टेप काढली की झालं."

त्याने ड्रॉवरमधली नवीकोरी डबी दाखवली. तिच्या भोकावर कारखान्यातूनच एक गोल कागद चिकटवलेला, वर इंग्रजीत सूचना : धुतल्यावर काढावा. डाग दिल्यानंतर सर्किट धुतात, तेव्हा आत पाणी जाऊ नये म्हणून ही सोय. म्हणजे जगातला प्रत्येक टींटींकार तोंडाला पट्टी बांधूनच जन्माला येतो आणि ती पट्टी मुद्दाम पगार देऊन काढली जाते! मी टेप लावून घेतली.

मात्र सगळेच आवाज या गल्लीत न्यावेत असं माझं म्हणणं नाही. गाडीचा पट्टा न लावल्यावर होणारी टीं टीं 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली. तिचं मानक, एआयएस-145, आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनेच छापलेलं आहे. तक्रार करायला पौड रोडची रिक्षा पुरे. वेगाचंही तसंच: ताशी 80 किलोमीटरच्या वर गेलं की गाडी अधूनमधून कुरकुरते, 120 नंतर अखंड. एक्स्प्रेस वेवर सपाटीला 100 ची परवानगी असताना ही कुरकुर कशाला, हे मला कळत नाही, पण पट्ट्याच्या बाबतीत मी गाडीच्या बाजूने आहे.

लोक नाहीत. त्यांनी पट्ट्याशिवायचं नुसतं बक्कल खाचेत अडकवायची युक्ती काढली. बक्कल बसलं की गाडीला वाटतं साहेब बांधलेले आहेत. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारांतून अशा क्लिपांच्या 13,118 जाहिराती काढायला लावल्या. त्यातल्या काही तर बाटली उघडायचं साधन म्हणून विकल्या जात होत्या. पट्टा टाळणाऱ्याच्या हाती गाडीत बाटलीचं ओपनर! विकणाऱ्याला गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं.

आमच्या मेव्हण्याकडे ही क्लिप होती. ती मी काढायला लावली, तेव्हापासून तो माझ्या गाडीत मागे बसतो. परवा आम्ही मार्केट यार्डातून हापूसची पेटी आणली. पेटी पुढच्या सीटवर ठेवली तर टीं टीं सुरू. सीटखालच्या सेन्सरला पेटी आणि पाव्हणा यांत फरक कळत नाही. मग पेटीला पट्टा लावला. स्वारगेटच्या सिग्नलला हवालदार मामांनी आत वाकून पाहिलं, पेटीकडे, मग मागे.

"काका, पेटीनं लावलाय. तुमचं काय?"

"मागे वाजत नाही हो," मेव्हणा म्हणाला.

पावती झालीच. ती कोणी भरायची यावर सारसबागेपर्यंत चर्चा चालली. घरी येऊन पेटी उघडली तर खालचा थर निम्मा कच्चा, पण त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.