सीमाभागातील मुलांच्या प्रवेशपरीक्षा आणि आपले कर्तव्य

सीमाप्रश्न म्हटला की मोर्चे, सत्याग्रह, विधिमंडळ आणि न्यायालय एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु हाच प्रश्न आणखी एका रूपाने दर वर्षी आपल्या घराघरांत येतो, आणि त्याची तारीख कोणी पुढे ढकलू शकत नाही. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाने वा मुलीने पुढे काय शिकावयाचे, कोठे शिकावयाचे आणि त्यासाठी कोणती परीक्षा द्यावयाची, हा तो प्रश्न होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला. महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. सोळा वर्षांच्या मुलाला मात्र दोन वर्षांनी परीक्षेस बसावयाचेच आहे. त्याला ‘थांब’ असे आपण म्हणू शकत नाही.

या मुलापुढील पहिली अडचण भाषेची आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला विद्यार्थी विज्ञान शाखेकडे वळला, की पी.यू. महाविद्यालयात त्याच्यासमोर एकदम इंग्रजी पुस्तक येते. काल जे ‘त्वरण’ होते ते आज ‘अ‍ॅक्सिलरेशन’ होते, ‘संयुजा’ची ‘व्हॅलन्सी’ होते आणि ‘प्रकाशसंश्लेषणा’चे ‘फोटोसिंथेसिस’. विषय त्याला येत असतो, शब्द परका असतो. पहिल्या चाचणीत गुण घसरले, की घरचे लोक ‘मराठी शाळेत घातले ही चूक झाली’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे. मातृभाषेतून पक्की झालेली कल्पना हे भांडवल आहे. उणीव आहे ती दोन-तीनशे पारिभाषिक शब्दांच्या पुलाची. दहावीची परीक्षा आणि पी.यू. वर्ग यांच्या मधल्या सुट्टीत मुलाने एक वही घ्यावी, डाव्या बाजूस मराठी संज्ञा व उजव्या बाजूस इंग्रजी संज्ञा लिहून काढावी, आणि मराठी शाळांतील विज्ञान-गणिताच्या शिक्षकांनी ती तपासून द्यावी. एवढ्याने निम्मी भीती ओसरेल. मराठी शाळा टिकाव्यात असे आपण सभांतून म्हणतो. त्या शाळांतून बाहेर पडलेला मुलगा पुढे अडखळू नये, याची व्यवस्था करणे हा त्या म्हणण्याचाच उत्तरार्ध आहे.

दुसरी गोष्ट परीक्षांची. आपल्या भागातील मुलापुढे दोन राज्यांच्या दोन शिड्या आहेत, आणि त्यांच्या पायऱ्या सारख्या नाहीत. कर्नाटकाच्या सीईटीत प्रत्येक विषयाचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवावयाचे असतात, आणि अभियांत्रिकीची गुणवत्ता ठरविताना पी.यू. परीक्षेचे गुण निम्मे धरले जातात. म्हणजे तेथे वार्षिक परीक्षेकडे दुर्लक्ष केलेल्याला क्षमा नाही. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत भौतिक व रसायन शास्त्रांचे प्रश्न एकेका गुणाचे, तर गणिताचे दोन-दोन गुणांचे असतात, आणि भर तेथील राज्य मंडळाच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. आपली मुले पी.यू.ला एनसीईआरटीची पुस्तके वाचतात. तेवढ्यावर त्यांनी महाराष्ट्राच्या परीक्षेला जाऊ नये. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तीही एकदा नजरेखालून घालावी. या दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवणे शहाणपणाचे नाही. वैद्यकीय शाखेच्या ‘नीट’मध्ये मात्र १८० प्रश्नांना ७२० गुण असले तरी प्रत्येक चुकीमागे एक गुण वजा होतो, तेथे अंदाजाचा तीर मारणारा स्वतःलाच जखम करून घेतो. एकाच मुलाने दोन महिन्यांत या तिन्ही परीक्षा द्यावयाच्या, तर हा फरक त्याला आधी कोणीतरी समजावून सांगावयास हवा.

‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच दिली जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बेळगाव केंद्र निवडणाऱ्यास ती मिळत नाही; ज्याला ती हवी त्याने अर्ज भरतानाच कोल्हापूरसारखे केंद्र निवडले पाहिजे. भाषिक अन्याय कसा असतो याचे हे लहानसेच पण बोलके उदाहरण आहे. ज्या गावात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्या गावात त्याच्या मुलाला आपल्या भाषेतील प्रश्नपत्रिका हाती घेता येत नाही. या नियमाविरुद्ध आपण जरूर आवाज उठवावा. पण तो बदलेपर्यंत त्याची माहिती नसल्यामुळे एकाही मुलाचे नुकसान होऊ देऊ नये. शिवाय भाषांतराबाबत शंका निघाल्यास इंग्रजी पाठच ग्राह्य धरला जातो, म्हणून मराठीतून परीक्षा देणाऱ्यानेही वर सांगितलेली शब्दांची वही सोडू नये.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. महाराष्ट्र शासनाच्या अभियांत्रिकी प्रवेशनियमांत ‘टाइप-ई’ नावाचा उमेदवारांचा एक प्रकार आहे. महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभागातील संस्थेतून दहावी वा बारावी उत्तीर्ण झालेला, किंवा त्या भागाचा रहिवासी असलेला, आणि ज्याची मातृभाषा मराठी आहे असा विद्यार्थी त्यात येतो. वैद्यकीय शाखेतही या भागासाठी थोड्या जागा वेगळ्या राखल्या जातात. ही तरतूद कोणाची मेहेरबानी नव्हे. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले आणि प्राण दिले, त्यांच्या झगड्याने या ८६५ गावांचा हक्क महाराष्ट्राच्या दप्तरी जिवंत ठेवला. त्या हक्काचे हे एक फळ आहे. मग ते फळ कागद वेळेवर न मिळाल्याने हातचे जावे काय? सीमाभागाचे प्रमाणपत्र आणि मातृभाषेचे प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात लागते. आपल्याकडे नावाआधी आद्याक्षरे लावण्याची पद्धत पडल्यामुळे गुणपत्रिकेवर एक नाव, आधारकार्डावर दुसरे आणि वडिलांच्या दाखल्यावर तिसरे, असा घोळ नेहमीचा आहे. कन्नडमधील दाखल्यांचे भाषांतर लागू शकते. जातीच्या याद्या व दाखले दोन्ही राज्यांत वेगवेगळे आहेत, तेव्हा एकीकडचा दाखला दुसरीकडे चालेलच असे गृहीत धरता येत नाही. ही सर्व कामे निकाल लागल्यावर धावपळीने होत नसतात. अकरावीच्या दिवाळीत पालकांनी बसून कागदांची यादी करावी आणि एकेक कागद पुरा करावा. मुलाने अभ्यास करावा आणि बापाने कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे, ही वाटणी न्यायाची आहे. मुलाने पुस्तक मिटून तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहावे, ही नव्हे.

येथे एक प्रश्न काही कार्यकर्ते विचारतात. आपण महाराष्ट्रात जाण्यासाठी लढतो. मग आपल्या मुलांनी कर्नाटकाची सीईटी का द्यावी? त्यांच्या भावनेविषयी आम्हांस आदर आहे, परंतु हा सल्ला आम्हांस मान्य नाही. आपण येथे कर भरतो. येथील महाविद्यालये, बेळगावचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ आपल्याच भूमीवर उभी आहेत. त्यांतील जागेवर आपल्या मुलाचा हक्क आहे, आणि हक्क सोडून देणे याला निष्ठा म्हणत नाहीत. दोन्ही परीक्षा द्याव्यात, दोन्ही प्रवेशयाद्यांत नाव यावे, आणि जेथे शिक्षण चांगले व खर्च झेपणारा असेल तेथे मुलाने जावे. बंगळूरला शिकलेला डॉक्टर वा अभियंता मराठी राहत नाही, असे मानणे म्हणजे आपल्या मराठीपणावरच अविश्वास दाखविणे आहे. चळवळीचे ओझे मोठ्यांच्या खांद्यावर असावे. ते सोळा वर्षांच्या मुलाच्या पाठीवरच्या दप्तरात भरू नये.

दुसरे एक ओझे घरातूनच येते. डॉक्टर नाही तर इंजिनिअर, यापलीकडे आपल्याकडील अनेक घरांना वाट दिसत नाही. कर्ज काढून मुलाला लातूरला किंवा कोट्याला पाठविले जाते, आणि त्या कर्जाचा आकडा त्याला दर फोनवर ऐकविला जातो. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुले ‘नीट’ला बसली, आणि देशातील एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच वर होत्या. म्हणजे वीस मुलांमागे जेमतेम एकाला जागा. उरलेली एकोणीस मुले आळशी होती, असे कोण म्हणेल? परीक्षा गाळण्यासाठी घेतली जाते, हे पालकांनी आधी स्वतः समजून घ्यावे आणि मग मुलाला सांगावे. शेती, पशुवैद्यक, औषधनिर्माण, विधी, वाणिज्य, शिक्षकी पेशा या वाटा कमी प्रतीच्या नाहीत. झोप तोडून आणि खेळ बंद करून दोन वर्षे काढलेला मुलगा परीक्षेच्या दिवशी थकूनच केंद्रावर पोहोचतो. रोज ठरलेल्या वेळी अभ्यास, आठवड्यास घड्याळ लावून एक सराव प्रश्नपत्रिका, आणि चुकलेल्या प्रश्नांची पुन्हा उजळणी, एवढी शिस्त नेटाने पाळली तर ती महागड्या वर्गाहून अधिक उपयोगी पडते.

शेवटी आमचे सांगणे आपल्या संस्थांना आहे. आपल्याकडे तरुण मंडळे आहेत, वाचनालये आहेत, महिला मंडळे आहेत. गणेशोत्सवात ही मंडळे वर्गणी जमवून देखावे उभारतात. त्याच मंडळांनी वर्षातून दोन रविवार या कामास द्यावेत: एक अर्ज व दाखल्यांच्या मार्गदर्शनासाठी, दुसरा सराव परीक्षेसाठी. जी मुले गेल्या वर्षी या वाटेने गेली, त्यांनी या वर्षीच्या मुलांना वाट दाखवावी. निवृत्त शिक्षकांनी संध्याकाळचा एक तास द्यावा. याला शासनाची परवानगी लागत नाही, आणि कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. ज्या राखीव जागांमागे एका पिढीचे हाल उभे आहेत, त्यांतली एकही जागा आपल्या अज्ञानामुळे किंवा आळसामुळे रिकामी राहता कामा नये. त्या प्रत्येक जागेवर सीमाभागाचा एक मराठी विद्यार्थी बसलेला दिसेल, अशी तजवीज या वर्षीपासून आपण सर्वांनी केली पाहिजे.