खर्चाच्या मंजुरीपूर्वीची चौकशी

घरच्या संगणकावर खेळ नीट चालत नाही, चित्र अडखळते, ऐन मोक्याच्या क्षणी पडदा थिजतो आणि प्रतिस्पर्धी त्या थिजलेल्या क्षणाचा लाभ घेऊन बाजी मारून जातो, ही फिर्याद सुट्टीच्या दिवसांत म्हैसूरच्या कुवेंपुनगरपासून विजयनगरपर्यंत कोणत्याही घरात ऐकू येते. आणि तिच्यापाठोपाठ, तिची शाई वाळण्यापूर्वीच, नव्या ग्राफिक्स कार्डाच्या खरेदीचा अर्जही वडीलधाऱ्यांपुढे रुजू होतो. फिर्याद खरी असते, याविषयी मला संशय नाही. माझी हरकत एवढीच आहे की फिर्याद आणि खरेदी यांच्यामध्ये जी चौकशी व्हावयास हवी ती सर्रास गाळली जाते, आणि चौकशीवाचून केलेला खर्च पुष्कळदा फिर्याद होती तशीच ठेवून पैसा मात्र घेऊन जातो.

हल्लीच्या दिवसांत तर हा हलगर्जीपणा अधिकच महाग पडतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणककेंद्रांची भूक भागविता भागविता २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने ‘क्रूशियल’ या नावाने सामान्य गिऱ्हाइकांस रॅम व एसएसडी विकण्याचा आपला धंदाच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्यापूर्वी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला होताच. तेव्हापासून जुने यंत्र म्हणजे बाद यंत्र, अशी एक सोयीस्कर समजूत बाजारात रूढ झाली आहे. इकडची मुले सुट्या भागांसाठी बंगळूरच्या एस. पी. रोडवर धाव घेतात, आणि नवा द्रुतगती मार्ग झाल्यापासून ही धाव इतकी सुकर झाली आहे की सकाळी मनात आलेली खरेदी संध्याकाळी टेबलावर येऊन पडते. मध्ये विचाराला जागा उरत नाही.

वास्तविक पाहता फिर्यादीच्या तपशिलातच बहुधा अपराध्याचा ठावठिकाणा दडलेला असतो. तो विचारण्याची तसदी मात्र घ्यावी लागते. खेळ पहिल्या मिनिटापासूनच मंद चालतो, की पहिली दहा मिनिटे सुरळीत जाऊन मग ढासळतो? दुसरा प्रकार असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा, कारण ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचलेला प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतो, आणि कॅबिनेटच्या जाळीत साचलेली धूळ, वाळून गेलेली थर्मल पेस्ट किंवा गादीवर ठेवल्यामुळे श्वास कोंडलेला लॅपटॉप यांपैकी काहीतरी त्या तापाच्या मुळाशी निघते. नव्या मुलखात किंवा नव्या प्रसंगात पाऊल टाकतानाच चित्र अडखळते आणि एरवी नीट चालते, तर जुनी फिरती हार्ड डिस्क तपासावी, अथवा खेळ प्रथमच आपले शेडर जुळवीत आहे असे समजून थोडे थांबावे. आणि समोरचे गडी उड्या मारत पुढे-मागे होतात, पण आपण माउस फिरवून चहूकडे पाहिले तर दृश्य लोण्यासारखे फिरते, असा प्रकार असेल तर संगणक सर्वस्वी निर्दोष असून दोष इंटरनेटच्या वाटेवर आहे; तेथे पन्नास हजारांचे कार्ड बसविले तरी पिंग तसूभरही हलणार नाही. या एका परीक्षेची माहिती नसल्यामुळे, ‘लॅग होतोय’ या एकाच वाक्यात दोन निराळ्या व्याधी कोंबल्या जाऊन किती घरांतून चुकीचे औषध गेले असेल, याची गणती करवत नाही.

पहिल्या मिनिटापासूनची मंदगती हे प्रकरण मात्र जरा गुंतागुंतीचे आहे आणि त्यातच विनोदही पुष्कळ आहे. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत न लावता मदरबोर्डाच्या खाचेत लावल्यामुळे, हजारो रुपयांचे कार्ड पेटीत स्वस्थ बसून राहिले आणि सारा भार प्रोसेसरमधल्या चिमुकल्या चित्रयंत्रणेवर पडला, हा प्रकार दंतकथा वाटावा इतका साधा असला तरी तो नित्य घडतो. १४४ हर्ट्झचा म्हणून हौसेने आणलेला मॉनिटर सेटिंगमध्ये ६० वरच राहिलेला आढळतो. रॅमचे तर विशेषच आहे: टास्क मॅनेजर उघडून मेमरीचे पान पाहिले की रॅमचा वेग किती आणि किती खाचा भरलेल्या आहेत हे तेथे सरळ लिहिलेले असते, आणि स्वतंत्र कार्ड नसलेल्या संगणकात एकच काडी एका खाचेत बसविलेली असेल तर दोन काड्यांनी मिळणारा दुहेरी मार्ग बंद राहतो, अशा यंत्रात चित्रयंत्रणा त्याच रॅमवर गुजराण करीत असल्यामुळे तिची अक्षरशः उपासमार होते. १६ जीबीची एक काडी आणि ८ जीबीच्या दोन काड्या दुकानाच्या पावतीवर सारख्याच दिसतात; खेळात दिसत नाहीत.

अपराधी प्रोसेसर की कार्ड, हे ठरविण्याची परीक्षाही फुकटची आहे. खेळाचे रिझोल्यूशन खाली आणावे. १०८० च्या पडद्यावर प्रत्येक चित्रासाठी २०,७३,६०० बिंदू रंगवावे लागतात. ते काम कमी करताच गती झपाट्याने वाढली तर ओझे कार्डावर होते, आणि बिंदू निम्मे करूनही गती जागची हलली नाही तर कार्ड रिकामटेकडे असून प्रोसेसरच मागे पडतो आहे. ही परीक्षा न करता कार्ड बदलणाऱ्याची निराशा आधीच लिहून ठेवता येईल.

येथे मापनाविषयीचा एक भ्रम दूर करणे मला अगत्याचे वाटते, कारण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्यात सारखेच गुरफटलेले असतात. सेकंदाला ६० चित्रे, हा आकडा सरासरीचा आहे. ६० चित्रे समान अंतराने आली तर प्रत्येकास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि डोळ्याला समाधान लाभते. परंतु ५९ चित्रे ७०० मिलिसेकंदांत भराभर येऊन गेली आणि साठावे एकटे ३०० मिलिसेकंद अडून बसले तरी सरासरी ६० च राहते, आणि खेळणारा मात्र त्या एकट्या चित्राने बेजार होतो. म्हणून ‘साठ येतात ना, मग तक्रार कसली?’ हे उत्तर ग्राह्य मानू नये. सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा वेग किती, हे विचारावे. खेळ घडविणारे लोक याच मिलिसेकंदांचा ताळेबंद मांडीत असतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांच्या वातावरणातला खेळ जगापुढे आणला. तसे काम ज्यांना पुढे करावयाचे आहे त्यांनी हा हिशेब घरच्याच यंत्रावर शिकून घ्यावा, याहून स्वस्त शाळा नाही.

मुलांकडूनही एका गोष्टीची अपेक्षा आहे. कोणा अनोळखी तज्ज्ञाच्या व्हिडिओवरून एका बैठकीत वीस सेटिंगे बदलावयाची, रजिस्ट्रीत हात घालावयाचा, वर एखादा ‘बूस्टर’ डाउनलोड करावयाचा, याला चौकशी म्हणत नाहीत. एक बदल, एक मोजमाप, वहीत एक नोंद. त्यानंतर दुसरा बदल. या क्रमाने गेल्यास उपयोगी पडलेला बदल कोणता हे समजते, आणि बिघाड झालाच तर तो परतवता येतो.

खेळासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न वडील मंडळी करतील. हा प्रश्न अन्यत्र शोभेल, म्हैसुरात शोभत नाही. १८३१ मध्ये कंपनी सरकारने राज्यकारभार काढून घेतल्यावर मुम्मडी कृष्णराज वडियारांनी जो अवकाश मिळाला त्यात पटावरचे खेळ आणि गंजिफा यांचा अभ्यास एखाद्या शास्त्रासारखा केला, बुद्धिबळाच्या घोड्याला एकाही घरावर दोनदा पाय न ठेवता चौसष्ट घरे फिरवून आणण्याच्या रचना केल्या, आणि १८६१ च्या जगनमोहन राजवाड्यात त्यांच्या खेळांची चित्रे भिंतींवर रंगविली गेली. आपल्या सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा अजून रंगविल्या जातात, त्या पाहताना कोणी ‘रिकामा उद्योग’ म्हणत नाही. खेळाच्या साधनांची निगा राखण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. निगा न राखता नवी साधने मागत राहण्यात आहे.

शेवटी दुकानदारांकडे एक मागणी. यंत्र दुरुस्तीस आले की, दोष काय आढळला, दुरुस्तीपूर्वी तापमान व वेग किती होता आणि नंतर किती झाला, हे चार ओळींत लिहून द्यावे. आज मिळते ती केवळ रकमेची पावती. लेखी निदान मागितले की काही दुकानांत कपाळाला आठ्या पडतात. पडू द्याव्यात, आणि तेवढ्यावर दुकान बदलावे. सर्व चौकशीनंतर कार्डच कमी पडते असे सिद्ध झाले, त्याची २ जीबीची स्मृती आजच्या खेळांना अपुरी ठरली, तर खर्चाची मंजुरी विनातक्रार द्यावी. फक्त नव्या कार्डाला आपला पॉवर सप्लाय पुरेल की नाही ते आधी पाहून घ्यावे, आणि जुने कार्ड दुकानात सोडून न येता घरी आणावे, कारण धाकट्या भावंडाच्या संगणकात ते अजून काही वर्षे सहज चालते.