स्क्रीनशॉट नको, फाइल द्या

नेटवर्क अडखळलं की माझ्याकडे स्क्रीनशॉट येऊन पडतात. त्यावरून निदान होत नाही. मला हवी असते टिपलेल्या पॅकेटांची फाइल, तीही योग्य प्रकारातली.

पीकॅप हा जुना प्रकार अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत टीसीपीडम्प या पॅकेट टिपणाऱ्या प्रोग्रामच्या जोडीने घडला. फाइलीच्या सुरुवातीला 24 बाइटचं शीर्ष, पुढे प्रत्येक पॅकेटआधी 16 बाइटची नोंद. त्यात वेळ, पॅकेटची मूळ लांबी आणि त्यातलं किती टिपलं गेलं ते असतं. या दोन लांब्या जुळल्या नाहीत, तर पॅकेट अर्धवट टिपलंय. फाइल उघडली की मी आधी हेच तपासतो.

पॅकेट कोणत्या इंटरफेसवर टिपलं, हे मात्र पीकॅपच्या नोंदीत नसतं. पीकॅपएनजी या नव्या प्रकारात असतं, शिवाय एकेका पॅकेटला शेरा जोडता येतो. 2012 पासून वायरशार्क हे पॅकेट तपासायचं सॉफ्टवेअर आपणहून याच प्रकारात फाइल जतन करतं. तरीही सवयीने ती जुन्या प्रकारात बदलून पाठवली जाते आणि शेरे गळून जातात. ही सवय मोडायलाच हवी.

दोन्ही प्रकार खुले आहेत. वाचायला कुणाचा परवाना लागत नाही. म्हणून सरकारी कार्यालयांनी नेटवर्क उपकरणांच्या निविदेतच खुल्या प्रकाराची अट घालावी. आणि अशा फाइलीत उघडे पासवर्डही सापडू शकतात, तेव्हा ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सक्त मनाई हवी.