पोटासाठी फिरणाऱ्यांचे पोट

दुपारचे तीन वाजून गेले होते. ओपीडी संपत आली होती. बाहेरच्या बाकावर एका औषध कंपनीचे प्रतिनिधी मांडीवर बॅग घेऊन बसले होते. वय पन्नाशीच्या आसपास. सोलापूरहून निघून बार्शी, कुर्डुवाडी, करमाळा असा त्यांचा दर महिन्याचा फेरा असतो आणि वाटेत ते माझ्याकडे येतात. एवढ्यात कंपाउंडर आत आला. "डॉक्टर, बाहेर ते साहेब काहीतरी भलतंच बोलायला लागलेत."

बाहेर जाऊन पाहिले तर शर्ट घामाने चिंब आणि हात थरथरत होते. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली, ती ४८ निघाली. ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात. नीट गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा-वीस मिनिटांत माणूस ताळ्यावर आला.

मग सगळे कळले. सकाळी सातला मधुमेहाची गोळी घेतली आणि स्टँडवर अर्धी प्लेट पोहे खाल्ले. दुपारी ते 'चांगले हॉटेल' शोधत हिंडले. पहिल्या ठिकाणी टेबलावर माशा होत्या. दुसऱ्या ठिकाणी गर्दी होती आणि एकट्या माणसाला टेबल देता येत नाही, थांबा, असे सांगितले. "म्हटलं, आधी तुम्हाला भेटून घेऊ, मग निवांत जेवू. सव्वाच्या सुमारास भेट होईल असं वाटलं होतं."

आणि मी त्यांना दोन तास बाहेर बसवून ठेवले होते. तेव्हा या प्रसंगात माझाही वाटा होता, हे आधी कबूल करतो.

औषधांचे, बियाण्यांचे, पंपांचे विक्रेते, बँकेचे तपासनीस, विम्याचे सर्व्हेअर, ट्रकचालक. पोटासाठी फिरणारी ही सगळी मंडळी पोटाच्याच तक्रारी घेऊन दवाखान्यात येतात. आम्लपित्त, जुलाब, कावीळ, वाढलेले वजन, ताळ्यावर न येणारी साखर. "बाहेरचं खाऊ नका" असे त्यांना सांगणे म्हणजे पोहणाऱ्याला "भिजू नका" म्हणण्यासारखे आहे. त्यांना बाहेरच खायचे आहे. प्रश्न आहे तो कुठे, कधी आणि काय खायचे, एवढाच.

त्यातून माणूस एकटा असला की जेवणाची आणखीच आबाळ होते. घरची मंडळी बरोबर असली तर चार तोंडांनी विचार होतो. एकट्याला मोरीजवळचे टेबल मिळते. भाजीची अर्धी प्लेट मिळत नाही, मग पैसे दिले आहेत म्हणून पनीरची अख्खी प्लेट संपवली जाते. नाहीतर स्टँडवर दोन वडे आणि चहा यावर दिवस निघतो आणि रात्री दहाला तडस लागेपर्यंत जेवण होते. त्याला सोबत म्हणून परमिट रूमची वाट धरणारेही मी पाहिले आहेत.

चांगले हॉटेल कसे ओळखावे?

पाटी, एसी आणि गुळगुळीत मेनूकार्ड यांवर जाऊ नये. पहिली खूण म्हणजे गर्दी, तीही गावातल्या माणसांची. कोर्टातले कारकून, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजारपेठेतले दुकानदार जिथे दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान बसतात, तिथे अन्न पातेल्यात राहत नाही. भाजी होते आणि संपते. त्याच ठिकाणी साडेतीन वाजता गेलात तर तीच भाजी तीन तासांची झालेली असते. म्हणून हॉटेलाच्या नावाइतकीच तिथे जाण्याची वेळही महत्त्वाची.

दुसरी खूण म्हणजे पदार्थांची छोटी यादी. दीडशे पदार्थ लिहिलेले असतील तर ते सगळे रोज ताजे होणे अवघड. दोन भाज्या, आमटी, भाकरी-पोळी आणि भात एवढेच देणारी खानावळ बहुधा अधिक भरवशाची.

तिसरी खूण म्हणजे वाफ. अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात पडून राहिले की जंतू झपाट्याने वाढतात. समोर आलेले अन्न कोमट नको, चटका बसेल असे हवे. तव्यावरची भाकरी, उकडून काढलेली इडली, उकळता रस्सा यांत धोका कमी. मात्र भाताबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे भात शिजवूनही मरत नाहीत. भात तसाच बाहेर राहिला की त्यात विष तयार होते आणि ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. दुपारच्या उरलेल्या भाताचा रात्री केलेला फ्राइड राइस दिसायला वाफाळलेला असला तरी त्याची खात्री देता येत नाही.

चौथी गोष्ट पाण्याची. कावीळ अ आणि ई हे दोन्ही विषाणू दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात. आपण बाटलीबंद पाणी मागवतो आणि त्याच हॉटेलच्या पाण्याने धुतलेली काकडी, चिरून ठेवलेला कांदा, पातळ चटणी आणि ताक मात्र बिनघोर घेतो! शिवाय कावीळ अ दिसायला १५ ते ५० दिवस लागतात. रुग्ण कालच्या हॉटेलला शिव्या देत येतो, खरा दोषी असतो महिन्यापूर्वीचा पाण्याचा ग्लास.

पाचवी गोष्ट, परवान्याची. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक असतो. तो भिंतीवर लावलेला असावा. त्यावरून जबाबदार कोण ते कळते, आजची भाजी ताजी आहे की नाही हे कळत नाही. ते कळण्यासाठी हात धुण्याच्या निमित्ताने आत डोकवावे. टेबल पुसायचे फडके, ताटे विसळायची बादली आणि कढईतले तेल पाहावे. तेल काळे, दाट आणि फेसाळ झाले असेल तर तळलेले खाऊ नये.

आणि विचारायचे कोणाला? लॉजच्या मॅनेजरला "चांगलं हॉटेल कुठलं?" विचारलेत तर तो कदाचित मेहुण्याचे नाव सांगेल. त्याऐवजी रिक्षावाल्याला किंवा औषध दुकानातल्या माणसाला विचारावे, "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" याचे उत्तर सहसा खरे येते.

खानावळीची बाई

परगावी एकट्याने राहणाऱ्याला जेवू घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून आलेल्या हजारो गिरणी कामगारांना खानावळी चालवणाऱ्या बायकांनी पोसले. या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे ते दिवस गेले, पण त्या व्यवहारातले मर्म आजही लागू आहे. खानावळीत जेवणारा माणूस उद्या पुन्हा येणार असतो. शिळे वाढले तर उद्या गिऱ्हाईक आणि परवा अब्रू जाते. हमरस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला मात्र आपण पुन्हा दिसणार नाही, हे पक्के ठाऊक असते.

म्हणून फिरतीच्या प्रत्येक गावात एक खानावळ धरावी आणि तिथेच जावे, हा माझा आग्रह आहे. चार-दोन फेऱ्यांत ओळख होते. "मावशी, तेल कमी घाला, भात नको, एक भाकरी जास्त द्या," असे सांगता येते. फोन करून "दीडला येतो" म्हटले तर पान राखून ठेवले जाते.

बॅगेत मात्र आपली शिदोरी असावीच. आपल्या सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांसारखी टिकाऊ, कोरडी शिदोरी दुसरी नाही. फुटाणे आणि केळीही चालतात. मधुमेह्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. काही गोळ्या घेतल्यावर जेवण चुकले तर साखर घसरते. आपली गोळी त्यातली आहे का आणि जेवण लांबले तर काय करायचे, हे फिरतीला निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. टायफॉइड आणि कावीळ अ यांच्या लशीही उपलब्ध आहेत, त्याबद्दलही तेव्हाच बोलून घ्यावे.

जुलाब लागलेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणे किंवा ती गडद पिवळी होणे, यांपैकी काही दिसले तर फेरा सोडून डॉक्टर गाठावा.

शेवटी दोन शब्द आपल्यासारख्या एका जागी बसून काम करणाऱ्यांना. कंपन्या जेवणाचा भत्ता देतात, पण जेवणाचा तास देत नाहीत. दुपारी दोनला बोलावून चारपर्यंत ताटकळत ठेवणारे आपणच असतो. तोवर खानावळीची चूल विझलेली असते. त्या दिवसानंतर मी दाराबाहेर पाटी लावली आहे : प्रतिनिधींनी साडेबारा वाजता भेटावे. रुग्ण कितीही असोत, दहा मिनिटे त्यांच्यासाठी काढतो. सव्वा वाजता माणूस जेवणाच्या पानावर असतो.

पाटी लावणे प्रत्येकाला जमेल असे नाही. पण बॅग घेऊन कोणी दारात आला, तर कामाचे बोलण्याआधी "जेवण झालं का?" एवढे विचारणे कोणालाही जमेल.