उकव्याचा बाजार कोणाच्या हाती?

बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या मार्गावरील उकवा हे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते मँगनीजमुळे. नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘मॉयल’ कंपनीची भूमिगत खाण येथे आहे. १९५६ पर्यंत हा मुलूखही नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. खाणीतील खनिजाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. भोवतालच्या गोंड आणि बैगा वस्त्यांत पिकणाऱ्या कोदो-कुटकीला मात्र खात्रीचे गिऱ्हाईक अलीकडे कुठे मिळू लागले आहे, तेही शासनाच्या रूपाने.

मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४ मध्ये जबलपूरच्या बैठकीत राणी दुर्गावती श्रीअन्न प्रोत्साहन योजना मंजूर केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुढचे पाऊल पडले. कुटकीला क्विंटलमागे ३,५०० रुपये, कोदोला २,५०० रुपये आणि त्यावर १,००० रुपयांचे प्रोत्साहन थेट बँक खात्यात, असे ठरले. निर्णय स्वागतार्ह आहे, पण त्याचे मोजमाप क्विंटलचे आहे. डोंगरउतारावरील शेतकरी स्त्री आठवडी बाजारात येते ती दोन-चार पायली धान्य घेऊन, आणि त्याच दिवशी तिला मीठ, तेल, मुलाचे औषध घ्यायचे असते. खात्यात पुढे कधीतरी जमा होणाऱ्या रकमेची वाट पाहणे तिला परवडत नाही. हमीदराची घोषणा कितीही मोठी असली, तरी तिचा भाव बाजाराच्या तोंडाशी बसलेला व्यापारीच ठरवतो.

मग तिने थेट ग्राहकाला का विकू नये? अडचण परवान्यांची फारशी नाही. स्वतःचे पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याने वगळले आहे, आणि छोट्या उत्पादकाला अल्प शुल्कात नोंदणी मिळते. अडचण कोंड्याची आहे. कोदोच्या दाण्यावर टणक आवरणांचे थर असतात. मुसळाने ते काढणे हे दिवसभराचे काम. शहरी गिऱ्हाइकाला हवा असतो स्वच्छ, सडलेला दाणा. गावात कोंडा काढणारे यंत्र नसेल, तर नफ्याचा मोठा वाटा कच्च्या मालाबरोबर गावाबाहेर जातो. याच जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तांदळालाही हाच न्याय लागू पडतो.

दुसरा प्रश्न बाजाराच्या मालकीचा. बैहर परिसर अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामबाजाराचे व्यवस्थापन ग्रामसभेच्या व पंचायतीच्या अधिकारात दिले. मध्य प्रदेशाने त्याचे नियम केले ते १५ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे तब्बल २६ वर्षांनी! बाजार बैठकीची वसुली ठेकेदाराकडे सोपवणे पंचायतींना सोयीचे वाटते. गोव्यातील वाचकाला हे नवे नाही. ‘सोपो’च्या लिलावाची तऱ्हा हीच. पण ठेकेदाराचे हित जास्त वसुलीत असते. टोपलीभर कोदो घेऊन बसलेल्या बाईकडून शुल्क घेऊ नये, हे ठरवण्याची ताकद ग्रामसभेकडेच आहे. ती वापरण्यासाठी तिला वेगळा आदेश लागत नाही.

निधीचे काय? २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने देशातील २२,००० ग्रामीण बाजार सुधारण्याची आणि त्यासाठी २,००० कोटींच्या निधीची घोषणा केली होती. असे बाजार कृषी उत्पन्न बाजार समित्यांच्या बंधनातून मुक्त राहावेत, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्राने २०१६ मध्ये भाजीपाला व फळे नियमनमुक्त करून शहरांत शेतकरी आठवडी बाजार भरवले. ते जिथे टिकले, तिथे पगारदार ग्राहक जवळ होता. गोव्यात फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर स्वस्त भाजी मिळते खरी, पण तिचा मोठा वाटा बेळगावहून येतो. ग्राहकाला दिलासा आणि स्थानिक शेतकऱ्याला बाजारपेठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून दिसते.

उकव्याला खाणीच्या वसाहतीमुळे असा पगारदार ग्राहक दारातच आहे. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीनुसार जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वशुल्काच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज निधीत जमा होते. कोंडा काढण्याचे एखादे यंत्र, ओट्यांवर छप्पर आणि पिण्याचे पाणी यांचा खर्च त्या निधीला जड नाही. ग्रामसभेने तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवणे, ही पहिली पायरी आहे.